कॉलऱ्याच्या छावणीत भुताला कोण भिणार?

नाशिकच्या एका लेखिकेचा प्रश्न थोडक्यात असा आहे. १९४२ ते ४५ या काळात, जपान्यांच्या ताब्यातल्या मलायात घडणारी भुताची कादंबरी त्या लिहितायत. नायिका रबराच्या मळ्यावरची तमिळ मजुरीण. नवऱ्याला सयामच्या, म्हणजे आजच्या थायलंडच्या, रेल्वेच्या कामावर नेलंय, तो परत येत नाही, आणि मळ्यावर एक बाई दिसू लागते. तीनशे पानं झालीत. ज्यांनी वाचलं ते सगळे दोनच गोष्टी सांगतात: इतिहास अंगावर येतो, आणि भूत अंगावर येत नाही. आता काय करायचं? सोबत त्यांनी सात प्रकरणं आणि पुढचा आराखडा पाठवला आहे.

तीसेक वर्षं मी दुसऱ्यांच्या कादंबऱ्यांचं संपादन करतोय. दोन स्वतः लिहिल्या. त्यातली एक याच मुलखातली, आणि तिच्यात घातलेला घोळ पुढे कबूल करणारच आहे. तुमची प्रकरणं दोनदा वाचली, दुसऱ्यांदा पेन्सिल घेऊन. वाचकांनी केलेलं निदान बरोबर आहे, पण त्यांना ते दोन आजार वाटतायत आणि मला एकच वाटतो. तुमच्याकडे इतिहासाची आणि भुताची गाठच पडत नाही. इतिहासाची दहा पानं होतात, मग कंदील मिणमिणतो, बाई येते, किंकाळी होते, बाई जाते, पुन्हा इतिहास. दोघं एकाच चाळीत राहतात, पण एकमेकांच्या घरी जात नाहीत.

पाचवं प्रकरण घ्या. बाई पहिल्यांदा नीट दिसते ती तिथे: पांढरी साडी, मोकळे केस, उलटी पावलं. नायिका थरथर कापते. त्याच प्रकरणात चार पानं आधी सयामहून पळून आलेला एक मजूर सांगून गेलाय की त्याच्या छावणीत कॉलऱ्याने रोज इतकी माणसं मरायची की खड्डे खणायला धडधाकट माणसं उरली नव्हती. हे ऐकून घरी आलेली बाई उलट्या पावलांना भिईल? मेलेलं माणूस दिसतं एवढ्यावर भीती उभी करायची असेल तर आजूबाजूला मरण दुर्मीळ असावं लागतं. वाड्यात एकच खून झालेला असतो म्हणून त्या एका खोलीच्या दाराची भीती वाटते. १९४३ च्या मलायात माणसं ज्यांना भीत होती त्या गोष्टी वेगळ्या होत्या: केंपेताई, म्हणजे जपानी लष्करी पोलिसांची गाडी, ताप, आणि यादी. यादीत नाव येणं, आणि यादीतून नाव जाणं. तुमच्या भुताला या रांगेत उभं राहायचंय. रांगेत मागे राहिलं तर ते शोभेचं होतं, आणि सध्या ते तसंच झालंय.

किरकोळ दुरुस्ती आधी उरकून टाकू. तुमची बाई कोकणातली आहे हो. उलटी पावलं ही आपल्या हडळीची खूण. मलायातली तिची बहीण म्हणजे पोंटियानाक. तीही गरोदरपणात किंवा बाळंतपणात मेलेली बाई, म्हणजे नातं जवळचंच, पण लक्षणं निराळी. ती येते तेव्हा आधी चाफ्याचा वास येतो, मग कुजल्याचा. मानेत खिळा ठोकला की ती साध्या बाईसारखी संसाराला लागते, खिळा निघाला की पुन्हा मूळ रूपात. राहते केळीत. आणि मला सगळ्यात आवडतं ते हे: तिचं रडणं मोठ्याने ऐकू आलं तर ती लांब आहे, बारीक, लांबून आल्यासारखं ऐकू आलं तर ती अगदी जवळ आहे. भीतीचं एवढं चोख यंत्र तयार असताना उलटी पावलं कशाला आयात करायची?

तरीही पोंटियानाक उचलून सरळ तुमच्या नायिकेच्या दारात उभी करू नका. ती मलय लोकांची. तमिळ मजुरांना ती शेजाऱ्यांकडून माहीत असणार, जशी आपल्याला दुसऱ्या गावची जत्रा माहीत असते. मळ्यावरच्या तमिळांचा स्वतःचा कारभार वेगळा. मळ्याच्या हद्दीवर झाडाखाली मुनियांडी किंवा मुनीश्वरन. त्याला चिरूट, ताडी, कोंबडं. तो राखणदार, कोकणातल्या किंवा गोव्यातल्या वाचकाला दोन ओळींत पटेल असा. आता विचार करा: मजुरांना आगगाडीत कोंबून सयामला नेलं तेव्हा हा राखणदार हद्दीवरच राहिला. ज्यांना नेलं ते कुणाच्याच राखणीत नसलेल्या जंगलात मेले. तुमच्या आराखड्यात मुनियांडीचं देऊळ एकदा येतं, तेही वर्णनापुरतं. मी असतो तर ती जागा इतक्या स्वस्तात सोडली नसती.

चिनी शेजारी आहेत, त्यांचा सातवा महिना आहे. त्या महिन्यात पितरांची आणि बेवारशी भुकेल्या आत्म्यांची वाट मोकळी होते, दाराशी अन्न ठेवतात, कागदी पैसे जाळतात. आपल्या पितृपक्षाचा जवळचा नातेवाईक. १९४२ मध्ये हा महिना ऑगस्टच्या मध्यावर सुरू झाला. त्याआधी फेब्रुवारी-मार्चमध्ये सिंगापुरात जपान्यांनी चिनी पुरुषांना 'तपासणी'साठी बोलावून हजारोंना किनाऱ्यावर नेऊन मारलं होतं. आकड्यावर आजही वाद आहे. जपानी बाजूने पाच-सहा हजार सांगितले गेले, चिनी बाजूने त्याच्या कितीतरी पट. जे तपासणीतून सुटले त्यांच्या कागदावर, कधी सदऱ्यावर, कधी थेट दंडावर शिक्का मारला, आणि तो पुसला जाऊ नये म्हणून लोक तो हात धूत नसत. ज्यांचे गेले त्यांना कुणी कळवलंच नाही. मग ऑगस्टमध्ये प्रश्न उभा राहणारच: त्याच्या नावाने ताट ठेवायचं का? ठेवलं तर तो मेला हे आपण कबूल केलं. नाही ठेवलं आणि तो खरोखर मेला असेल तर तो उपाशी फिरतोय. एवढ्या एका ताटावर आख्खी कादंबरी उभी राहू शकते. तुम्ही ते चिनी दुकानदाराच्या प्रकरणात एका वाक्यात उरकलंय.

आणि जपानी. तुमचे जपानी फक्त थोबाडीत मारतात. मारतच होते, वाकून नमस्कार केला नाही म्हणून भर रस्त्यात मारत होते, ते ठेवा. पण हे लोकही आत्म्यांना मानणारे होते. सिंगापुरात बुकित बातोक टेकडीवर त्यांनी १९४२ मध्येच युद्धकैद्यांना राबवून आपल्या मेलेल्या सैनिकांसाठी लाकडी स्मारकस्तंभ उभारला, आणि त्याच्या मागे शत्रूच्या मेलेल्यांसाठी एक लहानसा क्रूसही. पुढे हरल्यावर इंग्रज परत यायच्या आत तो त्यांनीच पाडला. आता तिथे टेकडीच्या पायऱ्या उरल्यात. सयामची रेल्वे पुरी झाल्यावर, १९४४ मध्ये, युद्ध चालू असतानाच, सयाममधल्या कांचनाबुरीला, रेल्वेच्या पुलाजवळ, त्यांनी रेल्वेवर मेलेल्यांचं स्मारक बांधलं, आणि त्यावरच्या मजकुरात तमिळही आहे. ज्यांनी मारलं त्यांनीच शांत करायला दगड बसवला. माझ्या डोळ्यांसमोर लगेच एक अभियंता येतो: दिवसा मजुरांना हाकणारा आणि रात्री झोप न येणारा. तो भूत पाहतो असं नका लिहू. तो दगड मागवण्याचा अर्ज लिहितो एवढं लिहा.

आता घड्याळ. हा भाग माझ्या आवडीचा आहे, त्यामुळे थोडा लांबेल.

तुमचं भूत 'मध्यरात्री बाराच्या ठोक्याला' येतं. कुठल्या बाराच्या? ताबा घेतल्यावर जपान्यांनी मलाया-सिंगापूरची घड्याळं तोक्योच्या वेळेवर नेली, म्हणजे दीड तास पुढे. भिंतीवर बारा वाजतात तेव्हा जुने साडेदहा वाजलेले असतात. सूर्य मात्र जागचा हलला नव्हता. विषुववृत्ताजवळचा प्रदेश, सूर्योदय बारा महिने जवळपास एकाच वेळी, जुन्या वेळेने साडेसहाच्या आसपास, नव्या वेळेने आठ वाजून गेल्यावर. साल तर २६०२, कारण कागदोपत्री जपानी शक. सिंगापूरचं नाव स्योनान. माणसं सकाळी सात वाजता मिट्ट काळोखात उठून कामाला लागायची, कारण हुकमाने ती सकाळ होती. भुताच्या कादंबरीकाराला सरकारने याहून मोठी भेट कधी दिली असेल असं मला वाटत नाही. म्हातारे लोक जुनी वेळ धरून राहतात, कचेरी नवी धरते, आणि मधला दीड तास कुणाचाच नाही. तुमचं भूत त्या दीड तासात राहू शकतं. 'बाराचा ठोका' ही आपली सवय आहे, तिथली नाही.

चलनाचंही तसंच. जपान्यांनी छापलेल्या दहा डॉलरच्या नोटेवर केळीचं झाड होतं, म्हणून लोक त्या पैशाला केळीचे पैसे म्हणत. सुरुवातीच्या नोटांवर अनुक्रमांक होते. पुढे छपाई बेसुमार झाली आणि नोटांवर नुसती अक्षरं उरली, नंबर गेले. वर मी लिहिलं की पोंटियानाक केळीत राहते. हे दोन्ही एकमेकांशेजारी ठेवून मी गप्प बसतो; तुम्हीही कादंबरीत हे जोडून समजावू नका. मलय म्हातारीने नोट हातात घेऊन उलटी करून ठेवली, एवढं पुरे.

माझा घोळ सांगतो. माझ्या कादंबरीत सिंगापूर पडलं ती रात्र, १५ फेब्रुवारी १९४२, मी भर चांदण्यात लिहिली होती. बंदरातल्या तेलाच्या टाक्या जळतायत, वर पूर्ण चंद्र, त्याच्यावर धुराचा पडदा. फार खूश होतो मी त्या परिच्छेदावर. छापून आल्यावर साताऱ्याहून एका निवृत्त मास्तरांचं पोस्टकार्ड आलं: 'आपणच चाळिसाव्या पानावर लिहिता की त्या दिवशी चिनी नववर्ष होते. चिनी नववर्ष अमावस्येला धरतात. चंद्र कोठून आणलात?' आकाश काळं होतं, आणि त्या आगींना दुसरा उजेड नव्हता, म्हणजे खरी रात्र माझ्या रात्रीपेक्षा कितीतरी भयानक होती. ते कार्ड मी अजून टेबलाच्या काचेखाली ठेवलंय. ऐतिहासिक तपशील तपासायचा तो परीक्षक पकडतील म्हणून नव्हे. बहुतेक वेळा खरी गोष्ट आपल्या कल्पनेपेक्षा वरचढ निघते, आणि ती हातची गेली तर नुकसान आपलंच.

आता मूळ दुखणं. तुमच्या कादंबरीतला सगळ्यात मोठा ऐवज रेल्वे आहे, आणि ती तुम्ही आकड्यांच्या दोन पानांत सांगितलीय. सयाममधल्या बान पोंगपासून ब्रह्मदेशातल्या थानब्युझायतपर्यंत ४१५ किलोमीटर, १९४२ च्या मध्यापासून १९४३ च्या ऑक्टोबरपर्यंत काम, सुमारे ६०,००० युद्धकैदी, त्यातले १२,००० हून जास्त मेले. आशियाई मजूर त्याच्या तिपटीच्या आसपास, त्यांच्या मृत्यूंचा अंदाज ९०,००० पर्यंत जातो. आकडे बरोबर आहेत. पण या आकड्यांत जी गोष्ट दडलीय तिकडे तुमचं लक्ष गेलेलं नाही. पहिला आकडा मोजलेला आहे आणि दुसरा अंदाज आहे.

मी कांचनाबुरीच्या युद्धकैद्यांच्या दफनभूमीत दोन तास फिरलोय. गवत कापलेलं, सुमारे ७,००० थडगी, बहुतेकांवर नाव, पलटण, वय, खाली घरच्यांनी पाठवलेली एखादी ओळ. पलटणींना आपले अधिकारी होते, डॉक्टर होते, नोंदी लपवून ठेवणारे कारकून होते. पाणी उकळून प्या असं दरडावून सांगणारं कुणीतरी होतं. मळ्यांवरून उचललेल्या तमिळांना यातलं काही नव्हतं. तीन महिन्यांचं काम सांगून नेलेले, काही ठिकाणी तर फुकटचा सिनेमा दाखवतो म्हणून बोलावून दारं लावून घेतलेली. बरोबर बायका, पोरं. नदीचं पाणी ओंजळीने प्यायलेले. १९४३ च्या पावसाळ्यात कॉलरा आला तो या छावण्यांतून वणव्यासारखा गेला. त्यांची थडगी नाहीत. १९९० मध्ये त्याच कांचनाबुरी गावात उसाच्या शेतात शेकडो सांगाडे सापडले, तेव्हा लोकांना आठवलं की अरे, हेही होते.

म्हणजे तुमच्या भुताला काय हवंय ते इतिहासाने आधीच ठरवून दिलंय. त्याला सूड नकोय. सूड कुणावर घेणार, नाव विचारलं तर मारणाऱ्याला मेलेल्याचं नावही सांगता येणार नाही. त्याला मोजणीत यायचंय.

आता तुमचं चौथं प्रकरण उघडा. तिथे मळ्यावरची पहाटेची हजेरी आहे. तिकडच्या मळ्यांवरचे तमिळ तिला पेरट्टु म्हणतात, हा शब्द वापराच. किराणी, म्हणजे मळ्याचा कारकून, कंदिलाच्या उजेडात नावं पुकारतो आणि अंधारातून आवाज येतात. रबराचा चीक पहाटेच्या गारव्यात चांगला वाहतो, म्हणून हे काम अंधारातच सुरू होतं. जपानी घड्याळाने तर अंधार आणखी लांबलेला. रबराला आता गिऱ्हाईक नाही, निम्म्या मळ्यात टॅपिओका लावलाय, पण हजेरी चालू आहे, कारण तांदळाचं रेशन हजेरीपटावर मिळतं. हे सगळं तुम्हीच लिहिलंय, आणि छान लिहिलंय. मग त्याच प्रकरणात एका सकाळी सयामला नेलेल्या नवऱ्याचं नाव किराणी सवयीने पुकारतो आणि अंधारातून 'आलो' असा आवाज येतो, असं का नाही?

एवढंच. पांढरी साडी नाही, किंकाळी नाही. किराणी वर न बघता खूण करतो. महिन्याच्या शेवटी त्या नावाचं रेशन निघतं. नायिका ते घेते. दोन पोरं आहेत तिला, घेणारच. पुढच्या महिन्यात पुन्हा. आता ती मेलेल्या नवऱ्याचा तांदूळ शिजवतेय आणि पोरांना वाढतेय. गळ्यात ताली, म्हणजे तमिळ मंगळसूत्र, आहे. ती उतरवली, म्हणजे तो मेला हे कबूल केलं, तर हजेरीतलं नाव जाईल आणि तांदूळही जाईल. आणि नाव जात नाही तोवर त्यालाही सुटका नाही, तो रोज पहाटे सयामहून चालत हजेरीला येतोय. पळून आलेला मजूर, तुमच्या पाचव्या प्रकरणातला, त्याला पुरलेलं स्वतःच्या डोळ्यांनी बघून आलाय. ती त्याला काय सांगेल? गप्प राहा म्हणेल. आता मला भीती वाटते. भूत काही करत नाही. नायिका काय करेल याची भीती वाटते.

आपल्याकडे परागंदा झालेल्या माणसाची बारा वर्षं वाट पाहायची आणि मग पळसाच्या पानांचा पुतळा करून त्याला अग्नी द्यायचा, अशी रीत सांगितली आहे. ती तमिळ मळ्यावर जशीच्या तशी चिकटवू नका, तिकडचे विधी तिकडच्या माणसाला विचारा. पण या रीतीमागे जी अडचण आहे ती मराठी वाचकाला समजावून सांगावी लागणार नाही. कुंकू लावायचं की नाही, हा प्रश्न पडलेली एखादी आजी बऱ्याच घरांत होऊन गेली आहे.

इतिहास जड झाल्याची तक्रार या बदलाने निम्मी आपोआप मिटेल. उरलेल्या निम्म्यासाठी एक चाळणी देतो: ती बाई मळ्यावर उभी राहून जे जाणू शकते तेवढंच पानावर. कोटा बारूला ८ डिसेंबर १९४१ ला जपानी उतरले हे तिला माहीत असायचं कारण नाही. दोरै, म्हणजे गोरा मॅनेजर, कुत्रा बांधून ठेवून मोटारीतून दक्षिणेकडे गेला आणि कुत्रा तीन दिवस भुंकत राहिला, हे तिला माहीत आहे. तुमचं दुसरं प्रकरण, सिंगापूरच्या पाडावाचं, चोवीस पानांचं आहे. तिथे नायिका नाही, मळा नाही, भूत नाही. ते अर्ध्या पानावर आणा. दुखेल, मला माहीत आहे. त्या चोवीस पानांमागे वाचनाचा ढीग आहे. तो ढीग वाया जात नाही. किराण्याने शाई पाण्याने वाढवलीय, लोकांनी गोणपाट नेसलंय, हे जे सहज लिहून जाता ते त्या ढिगातूनच येतं.

शब्दांचंही तेच. त्या सालातली माणसं 'मृत्यूची रेल्वे' म्हणणार नाहीत, 'सयामला नेलं' एवढंच म्हणतील. रेल्वेचं नाव नंतर पडलं. 'रोमुशा' हा मजुरांसाठीचा जपानी शब्द नायिकेच्या तोंडी घालू नका. कंगाणी (मुकादम), किराणी, दोरै हे मळ्यावरचे रोजचे शब्द, ते पुरेत. आणि मजुरांच्या तोंडी तुम्ही जी ग्रामीण मराठी घातलीय, 'आवं', 'न्हाई', ती काढा. तमिळ बाई मनात तमिळच बोलत असते. तिच्यासाठी साधी, थोडी कमी शब्दांची मराठी वापरा. बोली घातली की ती थेट सांगली जिल्ह्यात येते.

टॅपिओकाबद्दल एक जाता जाता. आपला उपवासाचा साबुदाणा याच कंदाचा. तिकडे त्या पिढीतले कित्येक लोक नंतर जन्मभर त्याला शिवले नाहीत, कारण त्या साडेतीन वर्षांत तेच खाऊन दिवस काढले होते. तुम्ही एका ठिकाणी नायिकेला टॅपिओकाची भाजी 'चवीने' खाताना दाखवलंय. १९४१ मध्ये चालेल. १९४४ मध्ये नाही.

नेताजींचं प्रकरण नाजूक आहे आणि तुम्ही ते टाळलंय असं मला वाटतं. टाळू नका. जुलै १९४३ मध्ये ते सिंगापुरात आले, २१ ऑक्टोबरला कॅथे इमारतीत आझाद हिंद सरकार जाहीर केलं. रेल्वेचे रूळ जोडले गेले तेही त्याच महिन्यात, चार दिवस आधी. मळ्यांवरच्या तमिळ पोरी झाशीच्या राणीच्या नावाच्या पलटणीत भरती झाल्या. झाशी कुठे आहे हे माहीत नसलेल्या मुली एका मराठी घरातल्या बाईचं नाव खांद्यावर घेऊन कवायत करत होत्या. त्यातल्या कुणाला पहिल्यांदाच कुणीतरी 'अहो' म्हटल्यासारखं वाटलं असेल, आणि कुणाच्या बापाला त्याच जपान्यांनी सयामला नेलेलं असेल. ही दोन्ही सत्यं एका घरात होती. आदराने लिहा, पण नायिकेच्या धाकट्या बहिणीला भरती होऊ द्या आणि दोघींचं भांडण लावा. निकाल देऊ नका. काही वाचक रागावतील, तयारी ठेवा.

भूत खरं की तापातला भास, हे स्पष्ट करायचं का, असंही तुम्ही विचारलंय. मलेरियाचा ताप आहे, उपासमार आहे, भासाला कारणं भरपूर. पण किराण्याच्या वहीत खूण आहे, आणि वही तापात नाही. ती वही शेवटपर्यंत ठेवा आणि कुणालाच तिचा खुलासा करू देऊ नका. भूत किती वेळा येतं तेही मोजा. सध्या ते सात प्रकरणांत चौदा वेळा येतं. आख्ख्या कादंबरीत पाच पुरे, त्यातही दोनदा नुसतं नाव पुकारल्यावर पडलेली शांतता. ज्या दिवशी आवाज येत नाही तो दिवस सगळ्यात वाईट जायला हवा.

शेवट तुम्ही १९४५ ला, इंग्रज परत आल्यावर करताय. मी तो पुढे नेईन. सिंगापुरात १९६२ मध्ये सिगलाप भागात सामूहिक कबरी सापडल्या आणि वीस वर्षं दबलेलं दुःख एकदम रस्त्यावर आलं. १९६७ मध्ये बीच रोडवर चार खांबांचं स्मारक झालं, खाली अस्थींचे कलश. त्या अस्थी तिथल्या कत्तलींतल्या, सयामच्या नाहीत. तुमची नायिका तेव्हा पन्नाशीची असेल. वर्तमानपत्रातला तो फोटो तिला पाहू द्या: दुसऱ्यांची हाडं मोजली जातायत. ती घरी जाऊन काय करते ते तुम्ही ठरवा, पण किराण्याची वही तिच्या पेटीत असावी असं मला मनापासून वाटतं.

पुढच्या वेळी सगळं पाठवू नका. हजेरीचं प्रकरण पहिलं करून फक्त तेवढंच पाठवा, बारा पानांच्या आत. आणि त्या कापायच्या दुसऱ्या प्रकरणात, शरणागतीच्या रात्री, तुम्हीही आकाशात चंद्र काढलाय. अर्ध्या पानात तो शिल्लक राहू देऊ नका, साताऱ्याला अजून पोस्टकार्डं मिळतात.